केळीच्या पानांखालची वाट

मी निंबोल्याचा जुना नकाशा बोलतोय. मांजरपाटावर चिकटवलेला कागद, वर काळी शाई. शेतांना आकडे, विहिरींना टिंबं, गाडवाटेला तुटक रेघांची जोडी. चार वर्षांपूर्वीपर्यंत गावाचा सगळा तंटा माझ्यावरच मिटत असे.

माझे शेवटचे पटवारी सखाराम. ते मला उन्हात उघडत नसत, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवत. पण बांधाचं भांडण आलं की मला ओट्यावर पसरावंच लागे. मग जो तो बोट जिभेला लावून माझ्यावर टेकवायचा. सर्वांत जास्त बोटं एकशे बारा नंबराच्या कडेला टेकली. तिथून सुपडूच्या शेताकडे गाडवाट जायची आणि शेजाऱ्याशी त्याचं वीस वर्षं वाकडं. दरवेळी सुपडू जिंकायचा. दरवेळी माझी थोडी शाई, थोडा कागद त्याच्या बोटाला लागून जायचा. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मग सरकारनं नियोजनाची पद्धतच बदलली. शहर आणि खेडी एका नकाशात घ्यायची, कुठं शेती आणि कुठं वस्ती ते रंगानं ठरवायचं. त्यासाठी ड्रोन उडाला तो नेमका भाद्रपदात. केळी डोक्यावर गेलेली, दोन्ही कडांची पानं वाटेवर एकमेकांत शिरलेली. वरून नुसतं हिरवं दिसलं. वाट नाही, म्हणून तिच्यावरून पिवळा रंग फिरला. पिवळा म्हणजे कॉलनी. हरकतीला तीस दिवस.

सुपडू तोवर वारला होता. त्याची बायको मालूबाई कचेरीत आली, तो तिसावा दिवस. संगणकावर रितेशबाबू बसले होते.

"मावशी, सिस्टममध्ये रस्ता आहेच नाही."

"मंग मी काय उडत जाती का, भाऊ? तुमचं इमान वरूनच गेलं. जरा पानाखाली वाकलं असतं तर दिसली असती वाट."

रितेशबाबू हसले. "जुन्या नक्शात दाखवा. आत्ता दुरुस्त करतो."

मला कपाटातून काढलं. मालूबाईनं नवऱ्यासारखंच बोट ओलं केलं आणि बरोबर जागेवर ठेवलं. बोटाखाली कोरं कापड होतं.

"इथीच होती," ती म्हणाली. "मालक इथीच बोट ठेवायचे."

रितेशबाबूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझी दुसरी प्रत तापीच्या पुरात गेलेली. त्यांनी मला सावकाश घडी घातली. मालूबाईकडे पाहिलं नाही.

आता तिथं कॉलनीची भिंत आहे. ट्रॅक्टर जात नाही. मालूबाई घड डोक्यावर घेऊन नाल्यातून येते. यंदा निम्मे घड खोडावरच काळे पडले. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे चाकोऱ्या मात्र अजून आहेत.

मी पुन्हा कपाटात आहे, पाल्याशिवाय. नवे नकाशे करणाऱ्यांनो, केळी कापल्यावर या. आणि कुणी माझ्यावर बोट ठेवून वाट दाखवू लागलं, तर मला बाजूला सारा. त्या माणसाच्या मागं चालत जा.