कल्याणप्पाच्या अफूची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे आणि माझं कौतुक करावं असं माझ्यापाशी काही नाही. तांबटानं मला सुपारी ठेवण्यासाठी घडवलं होतं. सास्तूरच्या कल्याणप्पा गवंड्यानं मला कमरेला खोचलं, तेव्हा त्याच्या हातची भिंत पाहायला लोक थांबत.

निजामाच्या अमलात अफू परवान्याच्या दुकानात उघड मिळे. एकदा बांधकामाच्या परांचीवरून पडून कल्याणप्पाची कंबर मोडली. कळ सोसेना, म्हणून कुणीतरी ज्वारीच्या दाण्याएवढी अफू दिली. पुढं कंबर सांधली, पण अफू सुटली नाही. दाण्याची हरभऱ्याएवढी गोळी झाली. सुपारी गेली आणि माझ्या पोटात अफू आली.

मग सगळं गाव त्याच्यावर उलटलं. त्याला कामावर कुणी बोलवेना. पोरं मागून खडे मारत. थोरला भाऊ गुरुसिद्धप्पा त्याला शेजारी जेवायला बसू देईना. बायको गिरिजाबाई तर माझ्याकडं सवतीसारखी बघे.

शेवटी गुरुसिद्धप्पानं त्याला कडब्याच्या कोठ्यात कोंडलं. तो ओकला, थरथरला, दारावर डोकं आपटत राहिला.

"मेला तरी चालंल, पण अफू न्हाय," भाऊ बाहेरून म्हणाला.

विसाव्या दिवशी दुपारी गुरुसिद्धप्पानं दार उघडलं. मी घरातल्या कोनाड्यात भरलेलीच पडून होते; कल्याणप्पा सरळ माझ्याकडं आला आणि त्यानं नेहमीएवढी गोळी गिळली. माप तेच होतं, मित्रांनो, पण वीस दिवसांत शरीराची सवय मोडली होती. हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

थोड्याच वेळात त्याचे ओठ निळे पडले. गिरिजाबाईनं हाका मारल्या, चिमटे काढले. तो हलला नाही.

"पडू दे. नशा उतरली की उठंल," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"भावजी, ही झोप न्हाय. श्वास थांबायलाय त्यांचा."

तिनं धावत जाऊन दगडाबाई सुइणीला आणलं. दारातली माणसं म्हणाली, "अफूबाजासाठी कशाला जीव काढता?"

"लेकरू जन्मून रडलं न्हाय, तर म्या त्याला टाकून देते व्हय?" म्हणत दगडाबाईनं त्याची मान मागं केली, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरू लागली. बघे हसले. कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पाणी नगं. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काय बी घालू नका. गाडी जुंपा."

ती फुंकर घाली तेवढ्यापुरतीच भावाची छाती वर येत होती. ते पाहून गुरुसिद्धप्पा हसणाऱ्यांना ढकलत बैलांकडं धावला. वाटेत दगडाबाई दमली, तेव्हा ज्याच्या शेजारी तो जेवत नव्हता, त्याच्याच तोंडाला त्यानं तोंड लावलं.

काय आणि किती घेतलं हे दाखवायला गिरिजाबाईनं मलाही दवाखान्यात आणलं होतं. दोन दिवसांनी कल्याणप्पानं नीट डोळे उघडले.

"कोंडून हे सुटत नाही, हा आजार आहे," डॉक्टर गुरुसिद्धप्पाला म्हणाले. "हळूहळू कमी करू. तुम्ही सोबत येत जा."

गुरुसिद्धप्पानं रागानं मला उचललं. त्यानं मला टेबलावर आपटलं. तो पोचा अजून माझ्या अंगावर आहे. पण दर आठवड्याला तो भावाला घेऊन आला. मधे दोनदा कल्याणप्पा पुन्हा अफूकडं वळला. दोन्ही वेळा गुरुसिद्धप्पानं त्याला कोंडलं नाही; शिव्या देत का होईना, गाडीच जुंपली.

मी दवाखान्याच्या कपाटातच राहिले. मित्रांनो, माझा राग खुशाल करा. पण माझ्यापायी अडकलेला माणूस हाकेला ओ देईनासा झाला, तर त्याची लायकी विचारत बसू नका. त्याचा श्वास चालतोय का ते पाहा, मदत बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला सोडून जाऊ नका.