मी वाकडे का कापू लागले

मित्रांनो, उबेरलिंदाबाईंची नात यास्ना हिचे लग्न झाले, त्या वर्षी मी या घरात आले. लग्नाची जेवणे तीन दिवस चालली. चार मेंढ्या भाजल्या गेल्या, मोठमोठ्या पातेल्यांत बटाटे उकडले गेले आणि हिवाळ्यासाठी साठवलेली लाकडांची खोपी रिकामी झाली. पाहुणे गेल्यावर बाईंनी खोपीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "लग्न नातीचं झालं, आणि सासरी गेली माझी लाकडं." ते २००९ साल होते. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा मुलगा एदगार्दो मला कास्त्रोच्या बाजारातून खोक्यात घालून घेऊन आला.

मी एक जुनी करवत आहे, विजेवर चालणारी. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला सांगता येत नाही, कारण खोक्यात अंधार होता. माझ्या पुढे एक लांब पोलादी पट्टी आहे आणि तिच्या कडेने दातांची साखळी फिरते. एक दात डावा, एक उजवा, असे ते पाळीपाळीने बसवलेले आहेत. मला पेट्रोल लागत नाही. मला लागते वीज आणि कोरडी हवा. आमच्या चिलोए बेटावर वीज बटण दाबले की मिळते, कोरड्या हवेची मात्र वाट पाहावी लागते.

शेजारचे रोसामेल मान्सिया हे बाईंच्या दिवंगत नवऱ्याचे जिवलग. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी करवत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान. मला पाहून ते म्हणाले, "वहिनी, ही करवत आहे की केस वाळवायचं यंत्र?"

"केस वाळतात का ते बघितलं नाही, भावजी," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या करवतीसारख्या रोज सकाळी दोरी ओढून ओढून हिच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत."

पहिली तीन वर्षे माझी मोठ्या सुखात गेली. आमच्याकडच्या लुमा झाडाचे लाकूड दगडासारखे कठीण, पण मी ते कापत असे. बाई माझी काळजी घेत. काम संपले की त्या आधी प्लग काढत आणि तो एप्रनच्या खिशात ठेवत. "प्लग माझ्या खिशात असला की करवत झोपलेली," असे त्या म्हणत. मग जाड हातमोजे घालून पट्टीच्या खाचेतला भुसा काढत, तेलाची टाकी भरत, साखळी वर ओढून सोडत. ती चटकन जागेवर बसली तर ताण बरोबर; लोंबू लागली तर साखळी थंड झाल्यावर थोडी आवळायची. मी जाड कीस पाडत असेन तर माझी धार चांगली. कीस जाऊन नुसते पीठ पडू लागले, की कानस काढायची वेळ झाली.

धार लावण्याचे काम त्या अंगणातल्या बाकावर करत. मला पकडीत घट्ट बसवायचे, यास्नाने मागे ठेवलेल्या लाल नेलपॉलिशने पहिल्या दातावर ठिपका द्यायचा, म्हणजे कुठून सुरुवात केली ते कळते. मग गोल कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला तीनदा. आधी सगळे डावे दात, मग बाकाच्या पलीकडे जाऊन सगळे उजवे. मला गुदगुल्या होत. डाव्या बाजूला त्या बसत तेव्हा समोर रस्ता असे आणि आम्हा दोघींचे छान मनोरंजन होई. उजव्या बाजूला समोर फक्त खोपीची भिंत.

चौथ्या वर्षी मात्र माझे बिनसले. ओंडक्यात सरळ शिरायचे आणि उजवीकडे वळत जायचे, असे मी करू लागले. कापलेले ठोकळे तिरके पडत. कुऱ्हाडीने फोडायला उभे करावेत तर ते लवंडत. बाईंनी पाय रोवून पाहिले, चष्मा पुसून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

ईस्टरला एदगार्दो पुएर्तो मोंतहून आला. त्याने खोपीतले तिरके ठोकळे पाहिले. चुलीपाशी बसल्यावर म्हणाला, "आई, तुझा हात चळतोय. एक दिवस ती करवत लाकडाऐवजी तुझ्या पायावर जाईल. जूनमध्ये सान हुआनच्या सणाला मी गाडी घेऊन येतो. तू आमच्याकडे चल."

"तुमच्या तिसऱ्या मजल्यावर?"

"तिथं हीटर आहे, आई."

"हीटरवर बटाट्याची भाकरी भाजता येते का रे?"

तो हसला नाही. बाईंनी वादही घातला नाही, आणि तेच मला खटकले. त्यांना स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते. आमच्याकडे जो आपली लाकडे आपण कापू शकतो, तो आपल्या घरात राहतो. ज्याला ते जमत नाही त्याला मुले घेऊन जातात. तो गेल्यावर बाईंनी माझ्यावर पोते टाकले आणि पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली. सहा आठवडे मी त्या पोत्याखाली पडून होते. साखळीवर गंज चढू लागला. मलाही वाटले, दोष त्यांच्या हाताचा असेल.

मे महिन्याच्या शेवटी रोसामेल टोपी हातात धरून दारात आले. त्यांच्या करवतीने सकाळपासून दोरीला दाद दिली नव्हती.

"वहिनी, ते केस वाळवायचं यंत्र जरा वापरू का? माझे दोन ओंडके तुमच्या अंगणात आणून टाकतो."

"वापरा की. आता ते यंत्र आणि त्याची मालकीण, दोघी सारख्याच कामाच्या."

रोसामेलांनी मला तेल पाजले, साखळी फिरवून पाहिली आणि कापायला घेतले. पहिला ठोकळा तिरका पडला. त्यांनी पाय सरकवले. दुसराही तिरका. दारात उभ्या असलेल्या बाई कित्येक दिवसांनी हसल्या.

"भावजी, तुम्हीपण ट्रंक भरायला घ्या."

रोसामेल मात्र थांबले. "चाळीस वर्षं कापतोय मी. माझा हात वाकडा जात नाही," ते म्हणाले. त्यांनी प्लग काढून बाईंच्या हातात दिला, हातमोजे घातले आणि खिशातली आगकाडी माझ्या एकेका दाताला लावून पाहिली. डावा दात अर्ध्या काडीएवढा. उजवा पाऊण काडीएवढा. पुन्हा डावा अर्धा, पुन्हा उजवा पाऊण.

मग ते बाईंच्या जागी बाकावर जाऊन बसले. समोरून बस गेली. त्यांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"वहिनी, इथं बसून एका दाताला किती वेळा कानस मारता?"

"तीनदा."

"आणि समोरून गावभरच्या बातम्या घेऊन ती एर्मोसिंदा गेली तर?"

"मग तिची चौकशी होईपर्यंत."

"आणि पलीकडे बसल्यावर?"

"पलीकडे भिंत आहे. भिंतीची काय चौकशी करायची?"

"हात शाबूत आहे तुमचा," रोसामेल म्हणाले. "वाकडी आहे ती मान."

तर मित्रांनो, असे झाले होते. गावच्या तीन वर्षांच्या बातम्यांनी माझे डावे दात झिजले होते. आखूड दात कमी कापतो, लांब दात जास्त ओढतो, म्हणून मी उजवीकडे पळत होते. त्या दुपारी दोघांनी मिळून माझे सगळे उजवे दात सर्वांत आखूड डाव्या दाताएवढे घासले आणि दात किती खोल शिरायचा ते ठरवणारे, दातांपुढचे उंचवटेही सपाट कानशीने तेवढेच उतरवले. एकाच दुपारी माझ्या साखळीचे निम्मे आयुष्य भुकटी होऊन खाली पडले. मला त्याचे वाईट वाटले नाही. बाईंनी बाक असा फिरवला की कोणत्याही बाजूला बसले तरी समोर रस्ता येईना, आणि त्या दिवसापासून मोठ्याने मोजत कानस मारू लागल्या. कोणी रस्त्यावरून हाक मारली तर त्या म्हणत, "थांब गं, दात संपू दे."

सान हुआनच्या आदल्या दिवशी एदगार्दो मित्राची गाडी मागून घेऊन आला. दारात ट्रंक नव्हती. आई खोपीसमोर हातमोजे घालून उभी होती. त्याच्यादेखत तिने एक जाड ओंडका कापला. ठोकळा खाली पडला तो सरळ बुडावर उभा राहिला. बाईंनी त्यावर माते नावाच्या कडू चहाचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंबभर सांडले नाही.

एदगार्दो माझे दात पाहायला वाकला आणि त्याने हात पुढे केला.

"हात मागे," बाई म्हणाल्या. "प्लग अजून भिंतीत आहे. मला म्हातारी म्हणतोस, आणि बोटं स्वतःची घालवतोस?"

त्याने हात मागे घेतला. मग ठोकळ्यापाशी बसून तो पेला पूर्ण प्यायला. संध्याकाळी ती गाडी परत गेली तेव्हा तिच्यात बाईंची ट्रंक नव्हती, एदगार्दोच्या सासूसाठी कोरडी लाकडे होती.

त्यानंतर सात हिवाळे आम्ही दोघींनी खोपी भरली. साखळ्या दोन बदलल्या, मी तीच राहिले.

मित्रांनो, हत्यार चुकू लागले तर त्याला पोत्याखाली टाकू नका. प्लग काढा, हातमोजे घाला आणि त्याचे दात नीट पाहा. दोन्ही बाजूंना सारखीच कानस मारा, आणि मारताना इकडेतिकडे बघू नका. आणि एखाद्या माणसाला म्हातारे ठरवण्याआधी त्याच्या हातातले हत्यार तपासून पाहा.

रोसामेल मान्सिया २०१७ च्या मार्च महिन्यात वारले. उबेरलिंदाबाई २ ऑगस्ट २०१९ रोजी, शुक्रवारी सकाळी, आपल्या स्वतःच्या घरात वारल्या. त्या ऐंशी वर्षांच्या होत्या.