भाडेकरूच्या पोटातले भाडेकरू

मित्रांनो, अकोल्याच्या एका लहानशा लॅबमध्ये खिडकीलगतच्या ओट्यावर बसून राहणारा मी एक जुना सूक्ष्मदर्शक. जन्म हरियाणातल्या अंबाल्याच्या कारखान्यातला, पण चाकरी सगळी वऱ्हाडात झाली. उमेदीत माझ्या नळीला डोळा लावायला झुंबड उडे. मग शेजारी मोठाली यंत्रं आली आणि माझ्यावर प्लॅस्टिकची टोपी चढली. मी रुसलो नव्हतो असं म्हणणार नाही.

एके दिवशी हिवरखेडच्या वच्छलाताई आल्या. सोबत नवरा, जानराव. वर्षभर ताईंच्या अंगावरून पांढरं जात होतं, आग होत होती. तालुक्याला माझ्यासारख्याच एका सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा अहवाल आला, 'काही आढळले नाही'. घरच्यांनी त्यांना ढोंगी ठरवून टाकलं होतं.

"नमुना आणत कसे होते?" लॅब सांभाळणाऱ्या प्रणाली नावाच्या मुलीनं विचारलं.

"गावच्या नर्सबाईनं नमुना घेऊन डबी देल्ली का मीच आणो," जानराव ऐटीत म्हणाले. "बर्फात ठेवून. नासू नाई म्हणून!"

प्रणालीनं कपाळाला हात लावला. "भाऊ, अशा दुखण्यात कधी कधी एक बारका जीव असते. थंडीनं तो गारठते. हालला नाई तं ओळखूच येत नाई."

तिनं ताईंना आत नेऊन ताजा नमुना काचपट्टीवर घेतला, आणि माझी टोपी काढली.

काय सांगू! नासपतीच्या घाटाचे ते इवलेसे जीव पुढचे चाबकासारखे चार तंतू फटकारत गिरक्या घेत होते. नाव ट्रायकोमोनास, स्त्री-पुरुष संबंधांतून पसरणारा परजीवी.

जानरावांनी डोळा लावला. "आबाबा! हे तं जितं हाय!"

"त्याच्या पोटात अजून बारके जिवाणू राह्यतात, कधी विषाणू बी," प्रणाली म्हणाली. "अमरावतीले माही मैत्रीण दीपमाला त्याच्यावरच अभ्यास करून राहिली. एका गावातल्या दोन बायांमधले हे जीव बी जनुकानं निराये निंघतात म्हणे."

मी थक्क झालो. इतकी वर्षं मी या जिवाला एकटा समजत होतो, आणि हा तर फुकट्या भाडेकरू असून स्वतःच्या पोटात दुसऱ्यांचं बिऱ्हाड वसवून बसलेला! ते बिऱ्हाड माझ्या भिंगाला कधी दिसलं नाही. शेजारच्या यंत्रांच्या अमरावतीतल्या भावंडांना त्याची जनुकं वाचता येतात. माझा रुसवा तिथंच गळून पडला.

"डॉक्टर दोघायलेबी गोया देतीन," प्रणाली म्हणाली.

"मले काऊन? मले तं काईच तरास नाई."

"पुरुषाले बहुतेक वेळा कयतच नाई. पण तुमी घेतल्या नाई, तं तो जीव पुन्हा ताईकडे येईन."

जानरावांनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. "घेतो," ते हळूच म्हणाले.

मग वच्छलाताई पुढं झाल्या. त्यांनीही पाहिलं. "मंग मी खोटं नोती बोलत," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडानं पुसत जा, हे तर मी मागणारच. पण कुणी दुखतंय म्हणालं, तर कोरा अहवाल दाखवून त्याला खोटं पाडू नका. मला दिसलं नाही, म्हणजे तिथं काही नाही, असं मी कधीच म्हटलं नव्हतं.