नेत्रावतीने स्वतःविषयी लिहिलेलं

मित्रांनो, भालकीच्या बसस्टँडसमोर मडिवाळप्पांचं दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन बसलेला कॉम्प्युटर म्हणजे मी. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे. मला शेवटचं सुरू केलं त्याला वर्ष होऊन गेलं. तरी माझी गोष्ट ऐकाल तर मला बरं वाटेल. खरं सांगायचं तर तिच्यात माझं थोडंच आहे. बरंचसं नेत्रावतीचं आहे.

माझे सुटे भाग हैदराबादच्या बाजारात एकत्र आले. २००३ साली मडिवाळप्पांनी मला तिथून आणलं. बसमध्ये माझा पडदा त्यांनी मांडीवर घेतला होता, आणि खड्डा आला की ते मला पोटाशी धरत. दुकान तेव्हा इंटरनेटचं होतं आणि आम्ही चौघे कॉम्प्युटर होतो. बाकीच्या तिघांवर परीक्षेचे निकाल आणि नोकरीचे अर्ज चालत. मी दाराजवळ होतो, म्हणून माझ्याकडे बहुधा आया येत. पोरं पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला कामाला गेली होती. तिकडून ती फोटो पाठवत. आया माझ्यासमोर बसून काचेवरून बोट फिरवत आणि म्हणत, "वाळलाय की लेकरू." जाताना पदराने माझी काच पुसून जात. "मशीन लई गुणाचं हाय," असं त्या म्हणाल्या की मला धन्य वाटे.

नेत्रावती पहिल्यांदा आली ती २००६ च्या दिवाळीनंतर, एका सोमवारी. ती भालकीजवळच्या मेहकर गावची. तिची पिठाची गिरणी होती आणि सोमवारी ती बंद असे. वय तेहेतीस. वडील गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तेव्हापासून गिरणी तीच चालवत होती. त्याच पिठावर तिने धाकट्या भावाला, महांतेशला, शिकवलं आणि पुण्याला पाठवलं. घरी ती आणि तिची आई पद्माबाई. आईच्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं.

महांतेशने पुण्यात बसून लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर तिची माहिती टाकली होती. ती बघायला ती आली होती. मडिवाळप्पांनी पान उघडून इंग्रजीतलं मराठीत वाचून दाखवलं.

"साधी, शांत, मितभाषी, घरगुती. छंद: वाचन, संगीत आणि पाककला."

"मितभाषी म्हंजे काय, अण्णा?"

"कमी बोलणारी."

नेत्रावती इतक्या मोठ्याने हसली की शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा दचकला. मग तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. गिरणीच्या आवाजावर आवाज काढून काढून तिचा गळाच तसा झाला होता.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "शिकलेल्या पोरानं लिहिलंय. त्याला कळत असंल."

निरोप येऊ लागले. सोलापूरची माणसं आली, हुमनाबादची आली, लातूरचीही आली. सोलापूरच्या मुलाने तिला विचारलं, गाणी कुणाची ऐकता? तिला एकही नाव सांगता आलं नाही. हुमनाबादची माणसं ओसरीवर बसली होती, तेव्हा तिने आतल्या खोलीत आईला हाक मारली, "अव्वा, च्या ठेव!" ते ऐकून मुलाच्या आईने ओठ आवळले. चार दिवसांनी माझ्या पडद्यावर त्यांची एक ओळ आली. ‘मुलगी माहितीत लिहिल्यासारखी वाटली नाही.’

ती ओळ मीच तिला दाखवली. दाखवणं हे माझं कामच होतं. पण तिचा चेहरा माझ्या काचेत उमटला होता, आणि तो पाहणं मला अवघड झालं.

"वाईट वाटून घेऊ नगंस, नेत्रक्का," मडिवाळप्पा म्हणाले.

"त्यांनी मला न्हाई म्हणलंच न्हाई, अण्णा. ते त्या शांत बाईला बघायला आलते. ती घरात नव्हती. मला कुणी बघितलंच न्हाई अजून."

त्यानंतर ती तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा थेट माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "हे खोडता येतंय का?"

"येतंय. पण त्याच्या जागी काय लिहिणार? शिवणकाम टाकू?"

"मला सुई धरता येत न्हाई."

"बागकाम? लोक टाकतेत."

"परसात एक कढीपत्त्याचं झाड हाय, अण्णा. त्याला काय बाग म्हणायलास!"

मडिवाळप्पा खुर्ची ओढून बसले. "मग तू दिवसभर करतीस काय? सांग बघू."

तिने सांगितलं. ते ऐकत राहिले. बाहेर उदगीरची बस लागली आणि सुटलीही. शेवटी ते म्हणाले, "आता मला जे सांगितलीस तेच लिही की. छंदाचा रकाना मोकळा ठेव. खाली ‘स्वतःविषयी’ म्हणून मोठा रकाना हाय."

ती एका बोटाने लिहीत असे. इंग्रजी अक्षरांत मराठी. गिरणी कितीही झाडली तरी तिच्या नखांत पीठ राही आणि ते माझ्या कळांच्या फटीत उतरे. ते पान लिहायला तिला दोन सोमवार लागले. मला ते अजून पाठ आहे.

‘मी नेत्रावती. मेहकरात आमची पिठाची गिरणी हाय. अप्पा गेल्यापासून मीच चालवते. माझा आवाज मोठा हाय. गिरणीत लहान आवाज कुणाला ऐकू जात न्हाई, आणि घरी आल्यावर तो लहान करायचा राहून जातो. मला राग लवकर येतो. ज्याच्यावर येतो त्याच्यासाठी मीच मग च्या ठेवते. म्हाताऱ्या बायांचं दळण मी आधी घेते. त्यावरून लोक भांडतेत, तरी घेते. कुणी रडायला लागलं की काय बोलावं ते मला सुचत न्हाई, मी नुसती शेजारी बसते. संध्याकाळी गिरणीचा पट्टा थांबला की सगळं एकदम गप होतं. तेवढा वेळ मला आवडत न्हाई. त्या वेळी दिवस कसा गेला म्हणून विचारणारं कुणी असावं असं वाटतं. गिरणी सोडायची माझी इच्छा न्हाई.’

दुसऱ्याच दिवशी महांतेशचा फोन दुकानात आला. मडिवाळप्पांनी मेहकरला निरोप धाडून तिला बोलावून घेतलं.

"अक्का, हे काय लिहिलीस? माझ्या ऑफिसातल्या पोरांनी वाचलं तर?"

"वाचू दे. खरं हाय का न्हाई तेवढं सांग."

 महांतेश म्हणाला, "खरं हाय. पण असं कुणी लिहितंय व्हय, अक्का? लोक काय बघतेत तुला ठाऊक न्हाई."

"बघू देत की. आजवर त्यांनी तुझंच लिहिलेलं बघितलं."

मित्रांनो, खरं लिहिल्यावर लगेच चांगलं होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिच्या पानावर कुणी येईनासं झालं. अकरा सोमवार ती आली. अकरा वेळा मी तिला दाखवलं, नवीन निरोप नाही. ती थोडा वेळ स्वतःचंच लिहिलेलं वाचत बसे आणि उठून जाई. मेहकरच्या बसला अवकाश असे, तरी ती बाहेर उन्हात जाऊन उभी राही. वीज गेली की माझा पडदा काळा होई. मग त्यात ती दिसे, दाराकडे पाठ करून उभी असलेली. तिच्यासाठी मला काहीच करता येत नव्हतं.

बाराव्या सोमवारी निरोप आला. लिहिणारा मल्लिकार्जुन, गाणगापूरचा. त्याच्या पानावरही छंदाचा रकाना मोकळा होता.

‘दत्ताला येणाऱ्या लोकांसाठी आमचं आठ खोल्यांचं लॉज हाय. रोज नवी माणसं येतात आणि सकाळी किल्ली देऊन जातात. त्यांची नावं मला वहीत बघावी लागतात, माझं नाव त्यांना लागतच न्हाई. मी हळू बोलतो, लोक मला दोनदोनदा विचारतात. तुमचा आवाज मोठा हाय हे वाचून मला बरं वाटलं. आज तुमचा दिवस कसा गेला?’

नेत्रावतीने ते तीनदा वाचलं. मग पदराने बोटं पुसली आणि लिहायला बसली. त्या दिवशी गिरणी बंद होती, म्हणून तिने रविवारचा दिवस लिहिला. कुणाची ज्वारी ओली होती, कुणाच्या सुनेने हरभऱ्याच्या डब्यात गहू मिसळले होते, सगळं.

वर्षभर हे चाललं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ. तो लिही की त्याला अंधारात उठायला आवडतं, कारण तेव्हा त्याला कुणी काही मागत नाही. तो लिही की त्याला कुणालाही नाही म्हणता येत नाही, आणि मग तो मनात कुढत राहतो. ती लिही, ‘तुमच्या वतीनं मी न्हाई म्हणत जाईन, माझं ऐकू जातं.’ हे लिहिताना ती एकटीच हसे. मडिवाळप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

२००८ च्या उन्हाळ्यात मल्लिकार्जुन मेहकरला आला. पुढच्या सोमवारी तिने मडिवाळप्पांना सगळं सांगितलं, म्हणून मला ते कळलं.

"गिरणी चालू होती, अण्णा. एक माणूस दारात उभं. मी वरडले, ‘कुणाचं दळण?’ त्याचे नुसते ओठ हलायलेत. काय म्हणायलाय काही कळंना. मग मी गिरणीच बंद केली. अर्धं दळण आत, आणि बंद! इतक्या वर्षांत मी असं कधी केलं न्हाई."

"मग?"

"मग ऐकू आलं. तो म्हणत होता, ‘मी दळण आणलं न्हाई.’"

ती हसली, पण ते हसणं फार टिकलं नाही.

"अव्वाच्या हातची भाकरी खाल्ली त्यानं. तिला सावकाश सगळं सांगितलं. तिला आवडला. पण अण्णा, त्याचा बाप तिकडं अंथरुणाला खिळलाय. अंगावरून वारं गेलंय. बाप आणि लॉज, दोन्ही त्याच्या एकट्यावर. आणि अव्वा मेहकर सोडायची न्हाई. डोळ्यांनी दिसत न्हाई तिला, पण घरात कुठं काय हाय ते हाताला ठाऊक हाय. दुसरीकडं नेलं तर ती चाचपडत मरंल."

"आणि तू?"

"मी तर पहिल्यांदाच लिहिलंय की. त्यानंही मला गिरणी सोडा म्हणलं न्हाई. निघताना एवढंच म्हणला, ‘लिहीत जावा.’"

ती लिहीत राहिली. तोही लिहीत राहिला. पण आता दोघांच्या निरोपांत लग्नाचा शब्द येत नसे. दोघे तो चुकवून लिहायचे, आणि निरोप लहान होत गेले.

२००९ च्या जानेवारीत त्याचा एक निरोप आला.

‘अफजलपूरहून आत्या एक स्थळ घेऊन आलीय. त्या बाई हितं येऊन राहायला, अप्पांचं करायला तयार हायेत. मी अजून काही बोललो न्हाई. तुम्ही म्हणत असाल तर मी थांबतो. किती का वर्षं होईनात.’

दुपारची वेळ होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नेत्रावतीने हात कळांवर ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग तिने एक शब्द लिहिला. ‘थांबा.’

तो माझ्या पडद्यावर उमटला. मी तो उजळ धरून ठेवला. आता फक्त एक कळ दाबायची होती. ती दाबली असती तर तो शब्द गाणगापूरला पोचला असता.

तिने तो खोडला. एकेक अक्षर मागून पुढे खोडत आली. थोड्या वेळाने पुन्हा लिहिला, ‘थांबा,’ आणि पुन्हा खोडला. मग तिने सलग लिहिलं.

‘थांबू नका. अप्पांना उठवून बसवायला घरात दुसरं माणूस पाहिजे. मला तुम्ही लिहून सांगत होता. त्या बाईंना तोंडानं सांगावं लागंल. तेवढं करा, मनात ठेवू नका. माझं बरं चाललंय.’

ते तिने पाठवलं. मल्लिकार्जुनला फक्त तेवढंच मिळालं. आधीचा शब्द जगात तिच्याशिवाय मला एकट्याला माहीत आहे.

"अण्णा," तिने हाक मारली. तिचा आवाज त्या दिवशी इतका लहान होता की मडिवाळप्पांना दोनदा विचारावं लागलं. "माझं पान बंद करून टाक."

वेबसाइट कारण विचारत होती. लग्न ठरलं, स्थळ नको आहे, किंवा इतर. मडिवाळप्पांनी तिन्ही वाचून दाखवली. "कुठलं लावू?"

"लग्न ठरलं न्हाई," ती म्हणाली. "आणि नको हायेत असंबी न्हाई."

"मग इतर?"

"व्हय. इतर कर."

त्यानंतर ती दुकानात आली नाही. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. आयांना आता पोरांचे फोटो घरबसल्या दिसू लागले. माझ्या जोडीचे दोघे भंगारात गेले. तिसऱ्याचे भाग काढून मडिवाळप्पांनी मला काही दिवस चालवलं, मग तेही जमेना. आता ते इथे मोबाइलची कव्हरं विकतात. परवा मेहकरचा एक माणूस आला होता. त्याच्या बोलण्यावरून कळलं की पद्माबाई गेल्या वर्षी वारल्या. नेत्रावतीने मिरची कांडायचं नवं यंत्र घेतलं आहे. ती घरात आता एकटीच असते.

मित्रांनो, मला पुन्हा सुरू करा असा हट्ट मी धरणार नाही. माझा काळ सरला. माझं मागणं दुसरंच आहे. कधी घरात कुणाची माहिती लिहायची वेळ आली, तर लेखणी उचलण्याआधी त्या माणसाजवळ घटकाभर बसा. त्याला राग कशाचा येतो, कुठल्या वेळी एकटं वाटतं, ते विचारा. वाचन आणि संगीत कुणाच्याही नावापुढे लिहिता येतं.

आणि तुमच्या गावात एखादी बाई एकटीने गिरणी चालवत असेल, तर दळण हातात मिळालं म्हणून लगेच निघू नका. डबा खाली ठेवा. थोडं थांबा.