अर्धवट चित्रांचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. निदान मला तसं वाटतं. पडद्यावर एक चित्र असतं. माझ्यावर नक्की किती होती, हे मला आजही मोजून सांगता येणार नाही. तेव्हा मित्रांनो, माझी हकिगत सांगताना कुठे गोंधळ झाला तर सांभाळून घ्या.

इंदूरला तुकोगंजात एका मराठी मंडळाचा छोटासा हॉल आहे. दर गणेशोत्सवात तिथे नाटक होतं आणि नटांच्या मागे मी टांगलेला असतो. माझा जन्म त्याच हॉलच्या फरशीवर झाला. मांजरपाटाच्या सहा पट्ट्या मंडळातल्या उषाताईंनी आपल्या मशीनवर जोडल्या. चिंतामण सरांनी चिकट सरस उकळला, त्यात खडूची पूड कालवली आणि मला त्याचं अस्तर दिलं. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. फार कमी बोलायचे. अस्तर वाळल्यावर त्यांनी मला तळहाताने चाचपलं आणि स्वतःशीच म्हणाले, "चांगलं कापड आहे." एवढी स्तुती मला पुढे क्वचितच मिळाली.

पहिल्या वर्षी माझ्यावर राजवाडा होता, आणि आकाशात पूर्ण चंद्र. मी उलगडलो तेव्हा नट यायच्या आधीच लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच सगळा घोळ केला. त्या वर्षी सरांनी रंगकाम फार लवकर सुरू केलं होतं, म्हणून नाटक यशस्वी झालं, असं मंडळाने ठरवून टाकलं. तेव्हापासून रीतच पडली. आषाढातल्या एका रविवारी पोहे-जिलेबी व्हायची, माझ्यासमोर नारळ फुटायचा आणि सरांनी पहिला ब्रश लावायचा. मग नाटक ठरलेलं असो वा नसो.

"यंदा नाटक कोणतं आहे?" सर दबक्या आवाजात विचारायचे.

मंडळाचे सचिव गोपीनाथजी हसायचे. "अरे सर, आप शुरू तो करो! पडदा चालू झाला की नाटक आपोआप ठरतं."

सरांना नाही म्हणता यायचं नाही. एका वर्षी त्यांनी बाग काढायला घेतली, तर पंधरा दिवसांनी वकिलाच्या घराचं नाटक ठरलं. बागेवर पांढरा हात फिरला. एका वर्षी समुद्र अर्धा झाला होता, तोवर रेल्वेचा प्लॅटफॉर्म हवा झाला. घाईघाईत थर पातळ बसायचे. मी राजवाडा होतो, बाग होतो, की स्टेशन होतो? रात्री गुंडाळून ठेवलं की माझं मलाच कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्यावर तेव्हा एका साध्या घराची भिंत होती. वल्लरी नावाची मुलगी, ती बँकेत नोकरी करते, नाटकात आईचं पत्र वाचत रडत होती. सगळा हॉल चिडीचूप. पावसाळी ओल माझ्या अंगात मुरलेली, भिंतीचा रंग विरलेला, आणि तिच्या डोक्यावर जुना चंद्र हळूहळू दिसायला लागला. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी अस्सल इंदुरी थाटात ओरडलं, "भिया, भिंतीतून चंद्र निघाला!"

अख्खा हॉल हसला. वल्लरी पत्र हातात धरून तशीच आत गेली. लोकांनी दोष सरांना दिला. सरांनी तो घेतलाही.

यंदा वल्लरीने स्वतः नाटक लिहायला घेतलं. तिचं पहिलंच. माझे थर आता तडकू लागले होते. उलगडताना रंगाच्या खपल्या पडायच्या. गोपीनाथजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदाचा शेवटचा चान्स. जमलं नाही तर पडदा कापून खुर्च्यांना कव्हरं शिवू. पुढच्या साली एलईडी स्क्रीन लावू." सरांनी खाली पडलेल्या खपल्या वेचल्या. त्यांना चौऱ्याहत्तर पूर्ण झाली आहेत. राजवाड्यानंतर माझ्यावर एकही चित्र त्यांच्या मनासारखं झालं नाही, हे मला ठाऊक होतं.

मुहूर्ताचा रविवार आला. गोपीनाथजींनी नारळ उचलला, इतक्यात वल्लरी म्हणाली, "काका, थांबा. माझं नाटक कुठे घडतं, ते मलाच माहीत नाही अजून."

"लो! लेखिकेलाच पता नाही," मुकुल म्हणाला. तो यंदा नाटकात बापाचं काम करणार होता.

"नाही पता. म्हणून तर थांबा म्हणते."

"बेटा, मुहूर्त टळतोय. पन्नास जणांचे पोहे खाऊन झाले!" गोपीनाथजी म्हणाले.

"खाल्ले ना? मग वाया कुठे गेले?"

नारळ पिशवीत परत गेला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी वल्लरी आणि सर माझ्यासमोर बसू लागले. नाटकातला रिटायर झालेला बाप जवळच्या देपालपूर गावाहून इंदूरला मुलीच्या फ्लॅटवर राहायला येतो. रोज परत जायला बॅग भरतो, आणि जात नाही. सरांनी शेवेच्या रिकाम्या खोक्याचा छोटा रंगमंच केला. त्यात आगकाडीची माणसं उभी केली. मागे रोज नवा कागद. सोमवारी बाल्कनी, मंगळवारी बसस्टँड, बुधवारी विहीर असलेलं अंगण. वल्लरीला रोज नवं आवडायचं. वरून बघताना मी सोमवारी बाल्कनी व्हायला तयार व्हायचो, बुधवारपर्यंत विहीर. मी पार भंजाळून गेलो.

मग एक दिवस, एरवी दबक्या आवाजात विचारणाऱ्या सरांनी थेट विचारलं, "वल्लरी, हा माणूस जात का नाही?"

ती उठून घरी गेली. दोन दिवस आलीच नाही. मला वाटलं, संपलं, आता कात्री. तिसऱ्या दिवशी ती दारातूनच म्हणाली, "काका, 'थांबा' असं कोणी म्हणतंय का, याची तो वाट बघतोय. बस, एवढंच आहे नाटक."

सरांनी खोक्यातली बाल्कनी काढली, बसस्टँड काढला, विहीर काढली. एक दार ठेवलं, अर्धं उघडं.

"इतकंच?" तालमीला आलेल्या मुकुलने तोंड वाकडं केलं. पण तो उठला, बॅग घेऊन माझ्यापुढे उभा राहिला, जणू दार तिथेच आहे. बराच वेळ हलला नाही. मग हळूच म्हणाला, "भिया, पाय उचलत नाहीये."

"पण अजून एक थर दिला तर कापड फाटेल," सर म्हणाले. "आधीचं सगळं धुवावं लागेल. मग परत फिरणं नाही."

"आणि नंतर हिने नाटक बदललं तर?" दारात येऊन उभ्या राहिलेल्या गोपीनाथजींनी विचारलं.

सगळे वल्लरीकडे बघू लागले. तिने ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली होती. "नाही बदलणार. वाईट झालं तरी हेच करीन."

"मीही," सर म्हणाले.

मला हॉलमागच्या अंगणात पसरून ओल्या फडक्यांनी पुसलं. राजवाडा, बाग, समुद्र, स्टेशन, सगळं बादलीत उतरलं. पाणी चहासारखं झालं. मित्रांनो, मी फार घाबरलो. ती चित्रं अर्धवट होती, पण माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

मी वाळलो. नवं अस्तर बसलं. नारळ फुटला. पोहे पुन्हा झाले, गोपीनाथजी कुरकुरले आणि दोनदा घेतले. सरांनी ब्रश बुडवला आणि हात हवेतच थांबला.

"नक्की ना गं?"

"काका, आता विचारू नका. लावा तुम्ही."

त्यांनी लावला.

आज माझ्यावर दाराची डावी चौकट उभी आहे. नाटक चांगलं होईल का, लोक टाळ्या वाजवतील का, मला माहीत नाही. सरांनाही नाही. वल्लरी तर रोज विचारते. पण मित्रांनो, कागद असो, कापड असो की लाकूड, त्याला बोलता येत नाही. म्हणून रंग कालवण्याआधी थोडे दिवस त्याच्यासमोर नुसते बसा. आपल्याला काय सांगायचं आहे ते स्वतःला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत नारळ पिशवीत राहू द्या. आणि एकदा ब्रश लावलात की मग आम्हाला मधेच सोडून जाऊ नका.

माझी उजवी बाजू अजून कोरी आहे. सर रोज चारला येतात, चष्मा पुसतात, स्टुलावर चढतात. त्या कोऱ्या जागेत काय येणार आहे ते मला माहीत आहे. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणतोय.