शिडीचे दोन खेळ

कॉलेजात आली तेव्हा ती पाच फूट अकरा इंच होती आणि आपल्या बाबतीत कुठेतरी मोजमाप चुकलंय, अशी तिची पक्की समजूत होती. वर्गात मागचा बाक, दारातून जाताना उगाच खाली घातलेली मान, फोटोत सगळ्यांच्या मागे. शाळेत तिला 'शिडी' म्हणत. कॉलेजात तरी नवं नाव मिळेल ही आशा पहिल्याच तासाला मावळली, कारण शाळेतल्या तिघीजणी त्याच वर्गात निघाल्या.

वडील शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. दर सहा महिन्यांनी ते तिच्या पँटींची दुमड उसवून एकेक इंच खाली सोडत. ती रडकुंडीला आली की तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणत, "वाढ बाई, वाढ. कापडाची काळजी मी करतो."

व्हॉलीबॉलच्या सरांना ती वाचनालयात सापडली. सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक तिने स्टुलाशिवाय काढलं, तेव्हा कपाटापलीकडून आवाज आला, "तो हात कोणाचा आहे?" ती घाबरून पुस्तक परत ठेवायला लागली. सर म्हणाले, "पुस्तक घरी ने. हात मात्र उद्या सकाळी सहाला मैदानावर आण."

पहिला महिना वाईट गेला. चेंडू हातापेक्षा तोंडावरच जास्त बसला. संघ सोडायचं तिने ठरवूनही टाकलं होतं, पण कप्तान सोडायला तयार नव्हती. कप्तान म्हणजे तिच्याहून एका वर्षाने मोठी, जेमतेम तिच्या खांद्याइतकी बुटकी आणि आवाज दोन मैदानं ओलांडणारा. जाळ्याजवळ चेंडू उचलून द्यायचं काम तिचं. रोज सरावाआधी तासभर ती एकट्या शिडीसाठी येऊन चेंडू वर टाकत राहायची.

"चेंडूकडे बघ, माझ्याकडे नको. मी सुंदर आहे ते मला माहितीये."

तीन महिन्यांनी शिडीचा पहिला स्मॅश समोरच्या मैदानात असा काही आदळला की सरांची शिट्टी तोंडातून गळून पडली.

दुसरा खेळ अपघातानेच आला. एकदा चेंडू उडत ॲथलेटिक्सच्या बाजूला गेला. तो आणायला ती धावली, वाटेत उंच उडीची काठी आडवी आली, तिला वळसा घालायचा कंटाळा आला म्हणून ती वरून गेली. गादीशेजारी वही घेऊन बसलेल्या मॅडमनी चष्मा वर केला.

"काय केलंस आत्ता?"

"सॉरी मॅडम, चेंडू..."

"चेंडू गेला खड्ड्यात. परत एकदा कर."

आता पंचाईत अशी की सर आणि मॅडम चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. खेळाच्या साहित्याच्या खोलीतल्या कपाटावरून केव्हातरी भांडण झालं होतं. नक्की काय, ते दोघांनाही नीट आठवत नसावं. सर म्हणाले, "मॅडमना सांग, मुलगी माझ्या संघाची आहे." मॅडम म्हणाल्या, "सरांना सांग, मुलगी आहे, कपाट नाही." हे निरोप शिडीच इकडून तिकडे नेत होती. शेवटी निरोपानिरोपीतूनच वेळापत्रक ठरलं. सकाळ सरांची, संध्याकाळ मॅडमची. मधल्या वेळात जमलंच तर अभ्यास.

दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन्ही खेळ एकाच दिवशी आले. उंच उडी दहाला, व्हॉलीबॉलचा अंतिम सामना बाराला, शेजारच्याच सभागृहात. पण उडी लांबत गेली. बारा वाजले तेव्हा काठी एक मीटर साठवर होती आणि तिघीजणी उरल्या होत्या. शिडी बूट सोडायला लागली. तेवढ्यात संघातली राखीव मुलगी धापा टाकत आली.

"कप्तानने सांगितलंय, उडी अर्धी टाकून आलीस तर तंगडी मोडून हातात देईल."

ती थांबली. एक त्रेसष्ट. एक पासष्ट. मग एक अडुसष्टवर काठी थरथरली आणि जागेवर राहिली. त्या स्पर्धेत इतकी उंच उडी कुणी मारली नव्हती. मॅडमनी तिला मिठी मारली आणि लगेच ढकललं, "पळ आता!"

सभागृहात पोचली तेव्हा संघ दोन सेट हरला होता. घाईत तिला बुटाच्या नाड्या बांधता येईनात. सर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्या बांधल्या. तिसरा सेट जिंकला, चौथाही जिंकला. पाचवा तेरा-पंधराने गेला. शेवटचा स्मॅश तिचाच होता. चेंडू वीतभर बाहेर पडला.

ती तिथेच मटकन बसून रडायला लागली. "माझ्यामुळे हरलो."

"ए, जास्त भाव खाऊ नकोस," कप्तान शेजारी बसत म्हणाली. "पहिले दोन सेट आम्ही तुझ्याशिवाय हरलोय, घाम गाळून. सगळं श्रेय तू एकटी कसं घेतेस? ते राहू दे, उडी किती?"

"एक अडुसष्ट."

हरलेल्या संघाने असा जल्लोष केला की जिंकलेल्या मुली करंडक हातात घेऊन बघतच राहिल्या.

पुढच्या वर्षी करंडकही आला आणि उडीचं पदकही. पदवीनंतर वीज कंपनीने तिला नोकरी दिली, संघात घेतलं. उंच उडीसाठी ती एकदा परदेशातही जाऊन आली, नववी आली. चार वर्षं अशी भरभरून गेली. मग एका साध्या सामन्यात, जाळ्यावर चेंडू ब्लॉक करून उतरताना, पाय वेडावाकडा पडला आणि गुडघ्यातून कट्कन आवाज आला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आई, बाबा, सर आणि मॅडम बसले होते. निरोप नेणारी आत भूल देऊन झोपवलेली. शेवटी आईच वैतागून म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं बोला की जरा." शिडी शुद्धीवर आली तेव्हा ते दोघं तिच्या व्यायामावरून कडाकडा वाद घालत होते, थेट एकमेकांशी. पुढचे सात महिने व्यायाम मॅडमनी ठरवला आणि दवाखान्यात ने-आण सरांनी केली. कप्तान तोवर दूरच्या शहरात दातांची डॉक्टर झाली होती. आपला दवाखाना बंद ठेवून ती बारा दिवस येऊन राहिली.

गुडघा चालायला लागला, पळायलाही लागला. उडी मात्र परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी ती दुकानात येऊन बसली.

"बाबा, एकच खेळ खेळले असते तर गुडघा टिकला असता."

बाबांनी मशीन थांबवलं. "मग कुठला सोडला असतास?"

ती दुपारभर तिथेच बसून राहिली. एकदा सर आठवले, एकदा मॅडम. कप्तानची ती सकाळची चेंडूफेक आठवली, काठीच्या वरून दिसलेलं आभाळ आठवलं. दोन्हींतलं काहीच सोडवेना. संध्याकाळी दुकान बंद करायला ती उठली तेव्हा गुडघा दुखत होता, पण मनातलं दुखणं हलकं झालं होतं.

सर निवृत्त झाले तेव्हा मॅडम स्वतः प्राचार्यांकडे गेल्या आणि त्यांच्या जागी शिडीला घ्यायला लावलं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

यंदा सरांचा गुडघा बदलला. तिने आठवड्याची रजा टाकली. दवाखान्याच्या लांबच लांब व्हरांड्यात सर वॉकर धरून उभे होते आणि बाजूच्या खुर्चीत मॅडम पावलं मोजत होत्या.

"बास झालं आज," सर म्हणाले.

"अजून दहा," शिडी म्हणाली.

"दुखतंय गं."

"माहितीये सर. तुम्ही माझ्यासाठी सात महिने दवाखान्यात ताटकळत उभे होतात, तेही माहितीये. चला."

वॉकर पुढे सरकला.

"बारा मोजले मी," थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या. "दोन जास्त चालला हा माणूस."