डाव्या वळणाची मंजुरी

गाडी सरळ पळवण्यात काही पराक्रम नाही. उतारावर सोडलेला दगडही सरळच पळतो. माणसाची बुद्धी पणाला लागते ती वळणावर. हे भारदस्त विधान हेन्निंग वोर्लेनं कंपनीच्या माहितीपत्रकासाठी स्टुटगार्टच्या उबदार ऑफिसात बसून लिहिलं होतं. पुढे स्वीडनच्या उत्तर टोकाला एका गोठलेल्या तळ्यावर जानेवारीपासून आपण एकच डावं वळण घेत बसू, हे तेव्हा त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तळ्यावरचा भुसभुशीत बर्फ खरवडून एक मोठं वर्तुळ काढलेलं होतं. त्यावरून गाडी गोल गोल फिरायची आणि शेजारच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन हेन्निंगही फिरायचा. काठावरची झाडं तीच, त्याच क्रमानं यायची आणि ओळख न दाखवता निघून जायची.

गाडी विजेची. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी. होडी वळवताना बाहेरच्या बाजूचं वल्हं जोरात मारतात, तसा वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त रेटा द्यायचा, आतल्याला कमी. किती जास्त आणि कधी, एवढंच हेन्निंगला ठरवायचं होतं. यंत्रांच्या मते ते केव्हाच ठरलं होतं. पण कंपनीत यंत्रांच्या मताला एका मर्यादेपर्यंतच किंमत होती. शेवटचा शब्द एगोन बाख्टेलरच्या बुडाचा. एगोन हा तिथला सर्वांत जुना चाचणी-चालक. त्याच्या बुडाला पटल्याशिवाय कंपनीची कुठलीही गाडी आजवर वळली नव्हती. जाणीव बोथट होते म्हणून तो सीटचा हीटर लावत नसे, आणि सोबतीला म्हणून हेन्निंगचाही बंद ठेवत असे.

"अजून मागचा भाग बाहेर फेकतेय," एगोन म्हणाला.

"किती?"

"केसभर."

"केसभर म्हणजे किती? मला आकडा भरायचाय, एगोन."

"तुझ्या डोक्यावर उरलेत ना, त्यातला एक धर."

तळ्यावर सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. अहो-जाहो फक्त विभागप्रमुख ओपोल्डबाईंना. हेन्निंगनं आकडा भरला. गाडी पुन्हा डावीकडे वळली.

शुक्रवारी एस्लिंगेनच्या नगरपालिकेत हेन्निंगचं लग्न होतं. ते याआधी दोनदा पुढे गेलं होतं, दोन्ही वेळा याच वळणापायी. गाडी मंजूर झाली की त्याची सुटका होती. आज मंगळवार. दुपारी त्यानं होणाऱ्या बायकोला, आनेग्रेटला, फोन केला.

"बर्फ कसा आहे?" तिनं विचारलं.

"घट्ट आहे."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. ती भांडली असती तर त्याला धीर आला असता.

त्याला कोणी कोंडलं होतं असं नाही. भाड्याच्या गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती, विमानतळाचा रस्ता उघडा होता. पण मंजुरीवाचून तळं सोडणारा माणूस आपल्या घराण्यात झाला नाही, असं हेन्निंगला आतून वाटत होतं.

त्या फोननंतर मात्र त्यानं आयुष्यातली पहिली लबाडी केली. आकड्यांना हातच लावला नाही. फक्त फाइलचं नाव बदललं, बराच वेळ उगाच टकटक केली आणि घसा खाकरून म्हणाला, "बाहेरच्या चाकाचा रेटा किंचित उशिरा आणलाय. बघ."

एगोननं एक फेरी घेतली. मग डोळे बारीक करून दुसरी घेतली.

"हं."

"हं म्हणजे?"

"हं म्हणजे बसली. आता कशी, सांगायच्या आत वळते. इतके दिवस काय झोपला होतास?"

काठावरच्या कंटेनरमध्ये ओपोल्डबाई कॉफी पीत होत्या. एगोननं खिशातून वाळवलेलं सॉसेज काढलं, त्याचा तुकडा मोडला आणि तो तोंडात घालत म्हणाला, "मंजूर. आणि बाई, या पोराला माझी सीट कळते. आजवर कोणाला कळली नव्हती."

"छान," ओपोल्डबाई म्हणाल्या. "गुरुवारी मोठी गाडी येतेय. वोर्ले, मग तिच्यासाठीही तुम्हीच थांबा."

हेन्निंग दारापाशी उभा राहिला. खरं सांगावं तर मंजुरी रद्द, म्हणजे मुक्काम. गप्प राहावं तर तो अमूल्य माणूस, म्हणजेही मुक्काम. निदान खऱ्यात हकालपट्टीची थोडी आशा होती.

"मी काही बदललं नव्हतं," तो म्हणाला. "सकाळचेच आकडे आहेत. फक्त नाव बदललं."

एगोनचा जबडा थांबला.

"म्हणजे माझं बूड खोटं बोललं?"

"खोटं नाही रे. उशिरा पटलं त्याला."

"थांब. सकाळी मी हेच नको म्हणालो होतो?"

"हेच."

"मग मी चुकलो कधी? सकाळी की आत्ता?"

"ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही."

एगोननं उरलेलं सॉसेज परत खिशात ठेवलं. ओपोल्डबाईंनी शांतपणे कॉफी संपवली.

"काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "या गाडीची मागची दुसरी मोटार फेब्रुवारीतच रद्द झालीय. खर्चात बसत नाही. बाजारात येईल तिला मागे एकच मोटार आणि साधा डिफरन्शियल. दोन्ही चाकांना सारखाच रेटा मिळणार."

"मग आम्ही इथं दोन मोटारींचं वळण कशाला बसवतोय?" हेन्निंगनं विचारलं.

"तुमच्या वेळापत्रकात ते आहे म्हणून."

"आणि मोठी गाडी?"

"तिचीही रद्द झालीय."

हेन्निंगनं श्वास घेतला. हकालपट्टी नको, मंजुरी नको, आता तर कामच उरलं नव्हतं. "मग मी उद्याच्या विमानानं जाऊ ना, बाई? शुक्रवारी माझं लग्न आहे."

ओपोल्डबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तळं मार्चअखेरपर्यंत भाड्यानं घेतलेलं होतं.